आणखी चार मिनिटं

९ फेब्रुवारी

प्रिय भोवऱ्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच फेकशील, म्हणून वरचा पत्ता बाबांकडून लिहून घेतला आहे. मी मागितला तेव्हा ते आधी "कुठला पत्ता?" म्हणाले. तुमची दोघांची पत्रं चालतात हे मला माहीत नाही, असं ते धरून चालले होते. तुझा पत्ता ते रक्तदाबाच्या गोळ्यांच्या खोक्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतात, आणि खोकं संपलं की नव्यावर उतरवून घेतात. त्या गोळ्या रोज सकाळी मीच काढून देते, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. थोडक्यात, चार वर्षं मी तुझा पत्ता रोज वाचते आहे.

काम असं आहे. आमच्या डॉक्टरबाईंचा मेंदूचा अभ्यास आता लिहून व्हायला आला आहे. तू त्यात होतास, मीही होते. दोनशे बारा डोकी झाली. तुझ्यासारखा आजार असलेले, त्यांची सख्खी भावंडं, आणि ज्यांचा कशाशीच संबंध नाही असे लोक. सगळ्यांना त्याच स्कॅनच्या मशीनमध्ये मीच झोपवलं आणि मीच बाहेर काढलं. मेंदूचा जो पांढरा भाग असतो तो स्वतः विचारबिचार करत नाही, नुसत्या जोडण्या करतो, इकडचं तिकडे पोचवतो. तुमच्या गटात डाव्या-उजव्या बाजूंना जोडणाऱ्या पट्ट्यातले धागे सरासरीने थोडे विस्कळीत दिसतात. भावंडांचे दोघांच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे आम्ही काठावरचे. पण हे सगळं सरासरीचं बोलणं. एका माणसाचं चित्र हातात दिलं तर तो कोणत्या गटातला ते डॉक्टरबाईंना सांगता येत नाही, आणि सोळा वर्षं तीच चित्रं काढून मलाही येत नाही. बाबा मात्र अजून विचारतात, "सापडलं का कुठे काय तुटलंय ते?" त्यांना ते सापडायला हवं आहे. सापडलं म्हणजे आपल्या हातून काही चुकलं नव्हतं, असा त्यांचा हिशेब.

सोबत एक फॉर्म आहे. तुझं दुसरं स्कॅन अभ्यासात घ्यायला तुझी संमती हवी. खाली सही कर, तारीख घाल, पाकिटावर आमचा पत्ता आहेच.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. तुलाही ते नको असेल.

बाबा बरे आहेत. माझी कंबर धरलेली असते. तू जेवतोस ना नीट?

ताई


२ मार्च

भोवऱ्या,

फॉर्म परत आला. सही नाही, नुसती एक ओळ: "दुसरं म्हणजे कुठलं? पहिलं बिघडलं म्हणून तर पुन्हा बोलावलं होतंस ना?"

चार वर्षांनी तुझ्याकडून एवढंच आलं आणि मी ते वाचून स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. उत्तर म्हणून तीन कागद फाडले. पहिल्यात लिहिलं होतं की दोन्ही स्कॅन आपापल्या परीने उपयोगाची आहेत. दुसऱ्यात लिहिलं होतं की मशीनच्या कामात कधी कधी गैरसमज होतात. तिसऱ्यात काय होतं ते सांगायचीही लाज वाटते. ताकाला जाऊन भांडं लपवायचा मला आता कंटाळा आला आहे.

पहिलं स्कॅन बिघडलं नव्हतं. तू त्यात हलला नव्हतास. मी खोटं बोलले.

आज एवढंच जमतंय.

ताई


२० मार्च

भोवऱ्या,

तू काही लिहिलं नाहीस. बरोबर आहे. मी अर्धवट लिहून थांबले होते. आज सुट्टी आहे, बाबा खिडकीपाशी पेपर वाचत झोपले आहेत, आणि मला कुठे जायचं नाही. तेव्हा सगळं लिहिते.

त्या वेळी तू नऊ दिवस झोपला नव्हतास. वाचनालयाच्या बावीस खुर्च्यांची कापडं तू एका दमात उसवून टाकली होतीस, सगळ्यांना फुकट नवी लावून देतो म्हणून, आणि महिनाभर लोक उभ्याने पेपर वाचत होते. त्यावर मी हसलेही होते. मग आठव्या दिवशी समोरच्या बाई धावत आल्या. तू चौथ्या मजल्याच्या गच्चीच्या कठड्यावर टेप घेऊन चालत होतास. गच्चीला गादी बसवायची म्हणून माप घेत होतास. बाबांनी तुला हाक मारली आणि तू वळून त्यांना हात केलास, दोन्ही हात. बाबा तिथेच खाली बसले.

डॉक्टरकडे चल म्हटलं तर तू म्हणायचास, मी इतका बरा जन्मात नव्हतो. आम्ही तुला धरलं असतं तर तू धावला असतास, आणि तू धावलास की कुठे धावशील ते मला दिसत होतं. मग मला सुचलं. मी तुला फोन केला आणि म्हणाले, "अरे, तुझं ते मागचं स्कॅन वाया गेलं. तू हललास. पुन्हा घ्यावं लागेल."

आमच्याकडे हे रोजच घडतं. माणूस खोकतो, मान खाजवतो, झोप लागून दचकतो, आणि चित्र पुसट येतं. रजिस्टरमध्ये मी 'हालचाल' म्हणून शेरा मारते आणि परत बोलावते. त्यामुळे ते वाक्य बोलताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

तू भडकलास. "मी हललो? मी? लहानपणापासून सगळे मला भोवरा म्हणतात म्हणून तुलाही तसंच वाटतं. मी एक केस हलवला नव्हता!" आणि तासाभरात तू माझ्या दारात उभा होतास. तुला आणणं दुसऱ्या कशानेही जमलं नसतं. तुझ्या अभिमानाची जागा मला माहीत होती, आणि मी बरोबर तिथेच बोट ठेवलं.

मशीनमध्ये लोखंड चालत नाही म्हणून मी तुझे खिसे रिकामे केले. मूठभर खिळे निघाले, बूट झटकले तर आणखी. मग मला आठवलं, खुर्च्या ठोकताना तू खिळे तोंडात धरतोस. "आ कर" म्हटलं. तू आ केलास आणि माझ्या तळहातावर दोन खिळे टाकलेस. मग गुमान झोपलास. मी तुझ्या डोक्यावर मशीनचा पिंजरा बसवला, हातात रबरी फुगा दिला, घाबरलास तर दाब म्हणाले. तू तो एकदाही दाबला नाहीस.

मानसोपचाराच्या वॉर्डची माणसं मी बोलावून ठेवली होती, ती वीस मिनिटांत येणार होती. त्यांची इमारत पलीकडची, लिफ्ट बंद, एका ठिकाणी ते आधीच अडकले होते. तेव्हा मी मशीन चालू ठेवलं. माइकवरून म्हणाले, "छान चाललंय, आणखी चार मिनिटं." चार मिनिटांनी पुन्हा म्हणाले. तसं मी पाचदा म्हणाले. काचेतून मला फक्त तुझी पावलं दिसत होती. नऊ दिवस ज्याला एक क्षण बसवत नव्हतं तो माणूस अडतीस मिनिटं त्या ढणढणाटात पडून राहिला. का, ते मला कळत होतं. ताईला दाखवायचं होतं.

टेबल बाहेर सरकलं तेव्हा दारात दोघं आणि एक डॉक्टर उभे होते. तू त्यांच्याकडे बघितलंच नाहीस. माझ्याकडे बघून विचारलंस, "हललो का गं?"

मी तुझ्या हातातला फुगा काढून घेतला. मग तुला त्यांच्याकडे बघून कळलं.

नाही रे. हलला नव्हतास. दोनशे बारा जणांत तुझ्याइतकं स्वच्छ चित्र कोणाचंच आलेलं नाही. ते तुला त्याच क्षणी सांगायला हवं होतं, तेवढं तरी.

बाकीचं तुला ठाऊक आहे. सत्तेचाळीस दिवस. सुटलास त्या दिवशी बाबा फाटकाशी आले होते, मी गाडीतच बसले होते, आणि तू बाबांना भेटून दुसऱ्या दिशेने निघून गेलास. लोक अजून म्हणतात, तू भावाला वाचवलंस. मीही म्हणते. पण केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते मला त्या दिवसापासून कोणी शिकवायला नको.

ताई


११ एप्रिल

भोवऱ्या,

सही आता नको. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं.

चार वर्षं त्यांना एवढंच माहीत होतं की एका पेशंटची दोन स्कॅन आहेत, एक बरा असतानाचं आणि चार महिन्यांनी एक आजार पुरता भरात असतानाचं. अशी जोडी कोणाकडे नसते. भरात असलेल्या माणसाला झोपवणार कसं? त्या मला म्हणायच्या, "तुम्ही हे जमवलंत कसं हो?" मी म्हणायचे, "भाऊ आहे, ऐकतो माझं." परवा त्यांना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "मग हे आपलं नाही. त्याच्याकडून चोरलेलं आहे." आणि काढून टाकायला सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली. अभ्यासाची डोकी आता दुसरी मुलगी करते. माझ्याकडे गुडघे आणि कमरा आल्या आहेत. गुडघ्यांशी बोलावं लागत नाही, तेवढाच आराम.

पण पुसण्याआधी डॉक्टरबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. शेवटचं एकदा बघून घेऊ म्हणाल्या. मी ती अशी पहिल्यांदाच बघत होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी हालचाल नाही एवढंच बघून मी ते दुसरं बंद केलं होतं, पुन्हा कधी उघडलंच नव्हतं. मला वाटत होतं की दुसऱ्यात काहीतरी पेटलेलं दिसेल, गुंता दिसेल, कुणीतरी वेगळाच दिसेल.

दोन्ही सारखीच होती. तोच पट्टा, तेच धागे, डावीकडे तीच जराशी विरळ जागा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "असंच असतं. या जोडण्या चार महिन्यांत बदलत नाहीत, वर्षं जातात. आणि एका जोडीवरून काही सिद्धही होत नाही." त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. माझा तिथे सुरू झाला.

कारण चार वर्षं मी एका वाक्यावर जगत होते. मी भावाला फसवलं नाही, मी त्याच्या आजाराला फसवलं. त्या दिवशी जो मशीनमध्ये होता तो माझा भाऊ नव्हताच, असं मी स्वतःला सांगायचे. बाबांनाही तेच सांगितलं, ते मान हलवायचे. आता ते वाक्य माझ्याच्याने म्हणवत नाही. कठड्यावर चालणारा तू होतास आणि माझ्यासाठी न हलता पडून राहणाराही तूच होतास. मी तुलाच फसवलं.

आई सहा सहा महिने भिंतीकडे तोंड करून झोपायची आणि आपण शेजाऱ्यांना सांगायचो, तिचं डोकं दुखतंय. खोटं बोलून आजार सांभाळायची आपल्या घराला सवयच आहे. मी ती फक्त पुढे चालवली.

थकले आहे रे. माफी मागायचीही ताकद नाही, पण मागते आहे.

ताई


६ मे

भोवऱ्या,

हे कुरिअरने पाठवते आहे. फोन तू माझा उचलत नाहीस आणि साध्या टपालाला वेळ लागेल. उभ्याउभ्या वाचू नकोस, बसून वाच. बसवत नसेल तर निदान पूर्ण वाच.

काल दुपारी कामावर फोन आला. "ताई, मी तुमच्या भावाची बायको बोलतेय." मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. आधी ती रडली, मग सावरली, मग भराभर बोलली. तू महिन्यापासून गोळ्या बंद केल्या आहेस. ऑगस्टमध्ये बाळ येणार, त्याच्या बापाचं डोकं स्वच्छ हवं, गोळ्यांनी गढूळ होतं, असं तू म्हणालास. आता तीन तास झोपतोस. अंगणात अकरा सोफ्यांचे सांगाडे उघडे पडले आहेत. परवा तू तिला शिडीवर चढवून घराचं छप्पर मोजायला लावत होतास, सहाव्या महिन्यात.

मग ती म्हणाली, "तुम्ही मागे एकदा केलं होतं ना तसं करा. स्कॅनला बोलवा त्याला. पुन्हा हललास म्हणा. तुमच्याकडे येईल तो. बाकीच्यांची व्यवस्था मी करून ठेवते."

तू तिला ते सगळं लग्नाआधीच सांगितलं होतंस म्हणे.

मी म्हणाले, "मी त्याला खरं सांगून बोलावणार."

"खरं सांगितलं तर तो पळून जाईल, ताई."

"जाईलही."

"मग त्याचं जे होईल त्याचं पाप तुमच्या डोक्यावर," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्यावर रागावू नकोस. चार वर्षांपूर्वी मी तिच्याच जागी होते, आणि ती मागते आहे तेच केलं होतं. तिचं चुकत नाही. खोटं बोललं की काम होतं, हे मी सिद्ध करून दाखवलेलं आहे. खरं बोलून होतं की नाही ते आपल्या घरात कोणी करून बघितलेलं नाही.

म्हणून सरळ लिहिते. तू पुन्हा आजारी पडतो आहेस. तुला तसं वाटत नसेल, मागेही वाटलं नव्हतं. येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या हॉस्पिटलच्या फाटकाशी मी उभी असेन. स्कॅन नाही. मशीन नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे, ते तुला भरती करून घ्यायचं म्हणतील, आणि मी त्यांना हो म्हणेन. दारामागे कोणी लपलेलं नसेल. तू तिथून वळून निघून गेलास तर मी तुझ्यामागे रडत येईन, पण तुला खोटं सांगून थांबवणार नाही.

मला खूप भीती वाटते आहे. हेही खरंच सांगते. तू कुठल्यातरी छपरावर असशील आणि मी इथे माझा खरेपणा घेऊन उभी असेन, असं सारखं मनात येतं.

ये.

ताई


१२ मे, मंगळवार

भोवऱ्या,

अकरापासून चारपर्यंत उभी होते. बाबाही आले होते. पहारेकऱ्याने त्यांना त्याची खुर्ची दिली. दर वेळी बस थांबली की ते उठून उभे राहायचे, मग बसायचे. साडेतीनला म्हणाले, "चल, पोरी. तुझी कंबर दुखेल." मला पोरी म्हणून त्यांनी शेवटची हाक कधी मारली होती ते आठवत नाही.

तुझी बायको फोन उचलत नाही.

मी चुकले असेन तर तू मला कधी माफ करू नकोस. मीही करणार नाही. पण काहीतरी कळव. शिव्या लिहून पाठव. कोरं पाकीट पाठव.

ताई


२९ मे

ताई,

गोळ्यांनी हात थरथरतो त्यामुळे अक्षर वाईट आहे. तसं ते आधीपासून वाईटच होतं.

पत्र मिळालं त्या दिवशी तुला मोजून शिव्या दिल्या, हिलाही दिल्या. दोघी मिळून कट करता, आणि त्यातली एक येऊन तो फोडते, वर म्हणते खरं बोलते आहे! दोन दिवस तेच डोक्यात. मग एक गंमत झाली. मला राग यायचा तो खोटं पकडलं की यायचा. हिने गोड आवाजात काही म्हटलं की मी शोधायला लागायचो, यात काय दडलंय. तुझ्या पत्रात शोधायला काही ठेवलंच नव्हतंस. चारदा वाचलं. भांडायला जागाच सापडेना.

मंगळवारी निघालो होतो. बसस्टँडपर्यंत आलो. तुझ्याकडे येणारी गाडी उभी होती, दोन गाड्या माझ्यासमोर भरून गेल्या, पायरीवर पाय टाकवेना. तुझ्यासमोर यायचं म्हणजे तुझा आवाज ऐकायचा. 'छान चाललंय' हे शब्द कोणीही बोललं तरी अजून माझ्या अंगाला घाम फुटतो. ते तुझ्या पत्रांनी गेलेलं नाही, खोटं कशाला सांगू. जाईल की नाही माहीत नाही.

मग इथल्याच सरकारी दवाखान्यात चालत गेलो. खिडकीवरच्या बाईला म्हणालो, "एकाला मानसिकमध्ये भरती करायचंय." ती म्हणाली, "पेशंट कुठंय?" म्हणालो, "हा काय." तिने माझ्या मागे बघितलं. तिथे कोणीच नव्हतं. मग तिने फॉर्म दिला.

सतरा दिवस झाले. पहिले आठ मला नीट आठवत नाहीत. आता झोप लागते, जरा जास्तच. तोंडाला चव नाही. बाळाने पोटात लाथ मारली असं ही सांगते आणि मी 'हो का' म्हणतो, तेवढंच येतं तोंडातून. तुला कळवू नकोस असं मीच हिला सांगितलं होतं. ते थोडं मुद्दाम केलं. पहिल्या आठ दिवसांत नाही, नंतर. सतरा दिवस तू फाटकाशी उभी राहावीस असं वाटलं.

आता कामाचं. इथे बरं व्हायला लागलं की एक कागद भरून घेतात. पुढे कधी पुन्हा बिघडलं आणि माझं मला कळेनासं झालं, तर माझ्या वतीने कोणी ठरवायचं, त्याचं नाव. मी हिचं लिहायला लागलो तर ती म्हणाली, "मला नाही जमणार. तू हसून बघितलंस की मी विरघळते. मी पुन्हा काहीतरी युक्तीच करीन." मग डॉक्टर म्हणाले, दुसरं कोणी आहे का?

तुझं नाव लिहिलंय. खूश होऊ नकोस. माफ केलं म्हणून नाही लिहिलं. तू माझ्याशी सगळ्यात वाईट वागलीस आणि ते स्वतः लिहून कळवलंस, एवढं करणारं माझ्याकडे दुसरं माणूस नाही.

खाली अटींसाठी चार ओळी असतात. मी हे लिहिलंय: "फसवून नेऊ नये. आधी तोंडावर सांगावं. ऐकलं नाही तर ओढून न्यावं."

डॉक्टर म्हणाले, 'ओढून' हा शब्द बरा दिसत नाही. मी म्हणालो, तोच ठेवा.

सोबत कागद आहे. तुझी सही लागते. मी तेव्हा फार वाईट वागेन, हे धरून चाल. जमत असेल तरच कर.

भोवरा


२ जून

भोवऱ्या,

सही केली आहे. बाबांनी साक्षीदार म्हणून सही केली. त्यांना दोनदा वाचून दाखवावं लागलं, आणि दुसऱ्यांदा त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचला.

जमेल का, ते मला माहीत नाही. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, कंबरेला पट्टा बांधते, आणि तू माझ्यापेक्षा दीडपट जड आहेस. तू मला ढकलशील. नको नको ते बोलशील, आणि त्यातलं बरंचसं खरं असेल. तरी आधी तुझ्या तोंडावर सांगेन, आणि मग ओढीन. हात सुटला तर भर रस्त्यात ओरडून माणसं गोळा करीन. त्यांनी विचारलं, काय झालं, हा कोण, तर काही लपवणार नाही. सांगेन, आजारी आहे, माझा भाऊ आहे, याचा एक हात तुम्ही धरा.

ताई